चार बोटं

४ मार्च, सोमवार

क्रेनची रोजची नोंद ज्या वहीत करते, तसलीच एक कोरी वही ऑफिसातून मागून आणली. वारा, फेऱ्या, बिघाड, काम थांबल्याचं कारण असे रकाने छापलेले आहेत. घरात वारा मोजायचा नाही, तेव्हा तेवढी जागा मला मोकळी मिळाली. लिहायला बसायचं कारण म्हणजे मास्तर. काल संध्याकाळी तो माझ्याकडे राहायला आला.

मास्तर म्हणजे दादाचा कुत्रा. सहा वर्षांचा, तांबूस, आणि चेहरा असा की समोरच्यानं गृहपाठ केलेला नाही हे त्याला आधीच कळलंय. दादा घरीच घड्याळं दुरुस्त करतो आणि मास्तर दिवसभर त्याच्या टेबलाखाली पडलेला असतो. तीन आठवड्यांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. इतके दिवस मास्तरला दादाच्या शेजाऱ्यांनी सांभाळलं. आता दादाला उपचार केंद्रात ठेवलंय. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुत्रा वाट बघतोय म्हटलं की ते व्यायामाला उठतात. नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात."

म्हणजे माझ्याकडे काम एकच आहे. दादा घरी येईपर्यंत मास्तर धडधाकट राहिला पाहिजे. त्याला काही झालं तर दादा पुन्हा उठायचा नाही.

वेळापत्रक ठरवलं. पहाटे पाचला मास्तरला खाली फिरवून आणायचं, सातला मी क्रेनवर. संध्याकाळी साडेपाचला उतरायचं, सातला घर, की पुन्हा त्याला खाली न्यायचं. दिवसातून दोनदा. मधे चौदा तास. मला जमतं, तर त्याला न जमायला काय झालं?

५ मार्च, मंगळवार

घरी आले तर स्वयंपाकघराच्या दाराशी तळं. मास्तर कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. मी चांगलंच तोंड सोडलं. मग फरशी पुसता पुसता माझाच राग उतरला आणि त्याला माझी कहाणी ऐकवली.

अकरा वर्षं मी टॉवर क्रेन चालवते. केबिन दीडशे फुटांवर. शिडीनं उतरायला दहा मिनिटं, चढायला पंधरा, आणि शौचालय पार फाटकापाशी. मी एकदा उतरले की खालची चाळीस माणसं अर्धा-पाऊण तास हात बांधून बसणार. पुरुष चालक वर बाटली ठेवतात. मला ते जमण्यासारखं नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच मी उपाय काढला. सकाळी उठल्यापासून पाणी नाही, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, बस. अकरा वर्षांत एकदाही मधे खाली उतरलेली नाही. नवा माणूस कामावर आला की मुकादम वर बोट दाखवून सांगतो, "तो आपला उंट." मला त्याचा राग येत नाही. खरं लिहायचं तर बरंच वाटतं.

मास्तरनं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

८ मार्च, शुक्रवार

बुधवारी तळं, गुरुवारी तळं. आज फरशी कोरडी!

युक्ती माझीच. पहाटे फिरून आल्यावर त्याचं पाण्याचं भांडं उचलून ओट्यावर ठेवते. संध्याकाळी आले की पुन्हा खाली. आज त्यानं आल्याआल्या भांडं चाटूनपुसून साफ केलं आणि आणखी मागितलं. शहाणा आहे. एका आठवड्यात माझ्या वळणावर आला. साइटवर नवीन पोरांना शिकवताना याच्या दसपट डोकं फोडावं लागतं.

१० मार्च, रविवार

दादाकडे जाऊन आले. तिथे गंमतच केलीय. त्याच्या धड असलेल्या डाव्या हाताला जाड मोजा बांधून ठेवलाय, म्हणजे उजव्याला काम करण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. व्यायाम घेणाऱ्या बाई त्याच्यापुढे डब्याची झाकणं ठेवतात, ती तो उजव्या हातानं ओढतो. एकेक स्क्रू चिमट्यानं उचलणारा माझा भाऊ झाकणाशी झटापट करत होता. मला बघवेना, म्हणून मी मास्तरचंच सांगत बसले.

मास्तर म्हटल्याबरोबर त्यानं उजवा हात उचलला. थरथरत का होईना, चार बोटं सरळ झाली! अंगठा तेवढा तळव्यात दुमडलेला राहिला. मी टाळ्या वाजवल्या. "वा रे पठ्ठ्या, चार आली, आता अंगठा राहिला." दादानं मान हलवली आणि पुन्हा चार बोटं वर केली. किती हौस त्याला दाखवायची. मी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

१४ मार्च, गुरुवार

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. दिवसभर घरी शिवणकाम करतात, त्यामुळे इमारतीतलं काही त्यांच्या कानाआड होत नाही.

"अगं, तुझा तो कुत्रा दोन वाजता रडायला लागतो. चारपर्यंत रडतो. मग गप्प होतो."

"सवय होतेय त्याला, काकू."

"कसली सवय? त्याला मोकळं व्हायचं असतं. किल्ली देऊन ठेव माझ्याकडे. दुपारी नेईन मी खाली."

"तुमचे गुडघे काकू, तीन जिने—"

"गुडघे माझे आहेत. तुला काय करायचंय त्यांचं?"

नको म्हटलं. गोड बोलून म्हटलं, पण नकोच. कुणापुढे हात पसरणं मला जमत नाही. शिवाय घडी बसलीय. आठवडा झाला, फरशी कोरडी आहे. मग रडतो कशाला? एकटं वाटत असेल.

१७ मार्च, रविवार

दादाला मास्तरचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग पुन्हा तेच. चार बोटं, अंगठा आत. मी म्हटलं, "अंगठ्याचा नाद सोड रे, येईल हळूहळू." तर चिडला. हात गादीवर आपटला, एकदा, दोनदा. घशातून आवाज काढत राहिला. चार बोटं माझ्या नाकासमोर धरली. मला कळेना. चार आठवड्यांनी घरी सोडणार म्हणतोय का? बाईंना विचारायचं होतं, पण त्या दुसऱ्या पेशंटपाशी होत्या आणि माझी बस सुटायची वेळ झाली होती.

त्याचे डोळे भरून आले होते. अंगठ्यासाठी एवढं मनाला लावून घेऊ नये.

१९ मार्च, मंगळवार

मास्तरनं नवं नाटक सुरू केलंय. खाली नेलं की खांबापाशी पाय वर करून उभाच. पाच मिनिटं, सात मिनिटं. येतं काय, तर थेंब थेंब. मग दुसरा खांब, तिसरा खांब. मी दिवसभराची आंबलेली, याला फिरायला जास्त वेळ हवाय म्हणून हे चाळे. आज ओढतच वर आणलं. घरात आल्यावर स्वतःला चाटत बसला, जेवणाला तोंड लावलं नाही.

मलाही दोन दिवस लघवीला जळजळतंय. केबिनची खुर्ची उन्हानं तापते, त्याचा परिणाम. कंबरही धरलीय. दुकानातून गोळी आणून घेतली. पाणी आणखी कमी केलंय, म्हणजे जायची वेळच कमी येईल.

२१ मार्च, गुरुवार

हे मी इथेच लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

अकराच्या सुमाराला सळयांचा गठ्ठा नवव्या मजल्यावर न्यायचा होता. बाहेर रणरणतं ऊन आणि मला थंडी वाजायला लागली. दात वाजत होते. कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि डावा हात दांड्यावरून सटकला. किती वेळ? दोन सेकंद, तीन. गठ्ठ्यानं झोका घेतला. वॉकीटॉकीवर सिग्नलवाला ओरडत होता, "थांब! ताई, थांब!" सिग्नलवाला म्हणजे खाली उभा राहून मला वाट दाखवणारा माणूस. सहा वर्षं त्याच्या डोळ्यांनी मी बघतेय, आणि त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

नवव्या मजल्यावर चौघं होते. तिघं मागे पळाले, एक जण जिथे होता तिथेच पालथा पडला. सळया त्याच्यावरून गेल्या. त्याचं हेल्मेट उडून खाली पडलं. माणूस वाचला.

मी गठ्ठा खाली टेकवला आणि हात मांड्यांखाली दाबून बसले.

मुकादम वॉकीटॉकीवर विचारत होता, "काय झालं?" मी म्हटलं, "वाऱ्याचा झोत आला." तो म्हणाला, "येतो कधी कधी." साइटच्या वहीत वाऱ्याच्या रकान्यात मी तसंच लिहिलं. अकरा वर्षांत त्या वहीत खोटं लिहिलं नव्हतं. घरी आल्यापासून तो पालथा पडलेला माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. मला त्याचं नावही ठाऊक नाही.

मास्तरनं आज दाराशी येऊन माझं स्वागत केलं नाही. दोघंही लवकर झोपतोय.

२२ मार्च, शुक्रवार

सात वाजता दार उघडलं तर काकू आत बसलेल्या. पहाटे घाईत मी कुलूप नीट लावलं नव्हतं. दुपारपासून मास्तरचा आवाज वेगळाच येतोय म्हणून त्या वर आल्या होत्या. मास्तर त्यांच्या पायाशी आडवा, धापा टाकत. शेजारी ओकारी. पोटाला हात लावला तर दगड.

"तीन वेळा खाली नेला," काकू म्हणाल्या. "कुंथतोय, कुंथतोय, एक थेंब नाही. तुझा फोन लागत नव्हता."

फोन वर केबिनमध्ये मी बंदच ठेवते.

काकूंनी कापडाचा तागा गुंडाळायची चादर आणली. त्यात मास्तरला घातलं आणि दोघींनी चार टोकं धरून त्याला जिन्यानं उतरवलं. त्यांचे गुडघे कटकट वाजत होते. रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. एकदाच डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करायच्या बेतात होत्या. पोट चाचपलं आणि मदतनिसाला हाक मारली. "मूतखडा अडकलाय. आणखी काही तास गेले असते तर मूत्राशय फुटलं असतं." नळी घालायची तयारी करता करता त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा बाहेर नेता?"

"दोनदा. पहाटे पाच आणि संध्याकाळी सात."

"मधे चौदा तास?"

"पाणी कमी देते ना दिवसा."

त्यांचा हात थांबला. "पाणी कमी देता?"

"म्हणजे जायला लागू नये म्हणून."

"ताई, मोठं कुत्रं सहा तास काढतं, फार तर आठ. तेही कसंबसं. दिवसातून तीन-चार वेळा न्यायलाच हवं, आणि पाणी तर सतत पुढ्यात पाहिजे. चौदा तास कोण राहू शकतं?"

"मी राहते," मी म्हटलं.

हे मी फुशारकीनं म्हटलं नाही. खरं म्हणजे कसं म्हटलं तेच कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग पुढे होऊन माझ्या कपाळाला हात लावला. "तुम्हाला ताप आहे. लघवीला जळजळतं? कंबर दुखते? कधीपासून राहताय असं?"

"अकरा वर्षं."

काकूंनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आणून माझ्या हातात दिलं. मास्तरला आत नेलं. आज नळी घातलीय, उद्या खडे काढायचे. जगेल का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "उद्या सांगते. आणि उद्या तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. हे मी सांगत नाही, बजावतेय."

२३ मार्च, शनिवार

रजा टाकली. माझा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. दहा दिवस औषध, आणि दर तासाला पाणी.

मास्तरचं ऑपरेशन झालं. सात खडे निघाले. डॉक्टरीणबाईंनी बाटलीत घालून दाखवले. शुद्धीवर आलाय, पण चोवीस तास काही सांगता येणार नाही म्हणाल्या.

ती युक्ती माझी होती. भांडं मी उचलून ओट्यावर ठेवत होते.

२४ मार्च, रविवार

दादाला काय सांगायचं हे बसमध्ये ठरवत गेले. खोटंच सांगायचं ठरलं. त्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्यानं हात वर केला. चार बोटं.

व्यायामाच्या बाई आज शेजारीच होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अंगठा कधी येईल हो?"

"अंगठा? अंगठा तर यांचा पहिल्या आठवड्यापासून चालतो. बघा." त्यांनी झाकण पुढे केलं. दादानं ते अंगठा आणि बोटात धरून उचललं, बाजूला ठेवलं, आणि माझ्याकडे बघत अंगठा मुद्दाम आत दुमडला. चार बोटं माझ्यापुढे धरली.

मग मला दिसलं. दादाचं घड्याळांचं टेबल दिसलं. सकाळी उठल्यावर, अकराचा चहा झाल्यावर, चारला, आणि काम आवरल्यावर तो मास्तरला बाहेर न्यायचा. किती वेळा मी त्याची चेष्टा केली होती, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून कुत्र्याला फिरवतोस म्हणून. दोन आठवडे हा माणूस जीव तोडून मला एकच गोष्ट सांगत होता आणि मी टाळ्या वाजवत होते.

मी खोटं बोलले नाही. सगळं सांगितलं. भांड्याचंही. दादानं डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. मी निघेपर्यंत वळला नाही.

२५ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले होते आठवडाभर रजा घ्या. पण आज सकाळी मला साइटवर जायचंच होतं. आधी वही उघडली. एकवीस तारखेच्या वाऱ्याच्या रकान्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, वारा नव्हता, चालक आजारी होती, हात सुटला. खाली सही केली. मुकादमानं वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "तुला काढतील यावरून," म्हणाला. मी म्हटलं, बघू.

मग तो म्हणाला, "आजचा दिवस तरी ढकल. बदली चालक उद्या येतोय." माझा ताप उतरला होता. हात धरून बघितले, थरथर नव्हती. फक्त हलक्या बादल्या उचलीन या अटीवर चढले. पाण्याची मोठी बाटली बरोबर नेली, आणि प्यायले.

साडेदहाला जायला लागलं. मी दहा मिनिटं बसून राहिले. हात दांड्यावर, नजर खाली. दीडशे फुटांखाली चाळीस माणसं, आणि सगळी मला बघणार. अकरा वर्षांचा उंट. खरं सांगते, सळया माणसाच्या डोक्यावरून गेल्या तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते. हुक वर घेतला, ब्रेक लावला, वॉकीटॉकी उचलला.

"सिग्नल, मी खाली येतेय."

"काय झालं ताई? बिघाड?"

"नाही. लघवीला जायचंय."

वॉकीटॉकी सगळ्यांकडे चालू असतो. मग सिग्नलवाला म्हणाला, "या. सावकाश या. शिडी धरून."

खाली उतरेपर्यंत मान वर केली नाही. हसतील वाटलं होतं. कुणी हसलं नाही. कारण हसायला तिथे फारसं कुणी नव्हतंच! फाटकापाशी पोचले तर शौचालयापुढे रांग. सिग्नलवाला, लोखंड बांधणारे दोघं, काँक्रीटवाला. मला पुढे सोडलं. परत येताना सिग्नलवाल्याला विचारलं, "तुम्ही सगळे कसे काय?"

"क्रेन फिरत असली की मला जागा सोडता येत नाही ताई. तुम्ही थांबत नाही, म्हणून आम्हीही थांबत नाही." मग जरा घुटमळून म्हणाला, "माझा खडा दोन वर्षांपूर्वी काढला."

सहा वर्षं आम्ही रोज एकमेकांशी बोलतोय.

संध्याकाळी वहीत काम थांबल्याचं कारण लिहिलं, लघवी. मुकादम म्हणाला, "असं लिहितात का? वैयक्तिक लिही." मी म्हटलं, "यात वैयक्तिक काय आहे?" त्यानं डोकं खाजवलं. रकाना तसाच राहिला.

२८ मार्च, गुरुवार

मास्तर घरी आला. पोटावर टाके, गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा. पाण्याची भांडी तीन ठेवलीत, एक माझ्या पलंगापाशी. काकूंकडे किल्ली दिली. द्यायला निघाले तेव्हा दोनदा जिन्यातून परत फिरले. त्यांनी किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "एवढं अवघड होतं का ते?" होतं.

क्रेनच्या बाबतीत चौकशी बसलीय. दोन आठवडे मी खालीच. पुढचं ठाऊक नाही.

३१ मार्च, रविवार

केंद्राच्या अंगणापर्यंत कुत्रा आणायची परवानगी मागितली होती, ती मिळाली. दादाला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. मास्तरनं आधी कर्णा त्याच्या गुडघ्यावर आपटला, मग खुर्चीखाली शिरायला बघितलं. टेबलाखालची जागा शोधत होता. दादा उजव्या हातानं त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पाचही बोटांनी.

मी म्हटलं, "दादा, आता चार वेळा जातो. सकाळी मी, अकराला आणि चारला काकू, संध्याकाळी मी. पाणी पुढ्यात असतं." तो ऐकत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मास्तरच्या पोटावरचे टाके बोटानं हळू मोजत होता. मोजून झाल्यावर मान वर केली आणि तेच बोट माझ्या छातीशी आणलं.

मला वाटलं, मलाच दोष देतोय. देऊ दे, म्हटलं. पण बोट तसंच राहिलं आणि भुवया वर गेल्या. विचारत होता.

"मी ना? मी दोनदा उतरेन आता. वर परत घेतलं तर. जेवायच्या आधी एकदा, नंतर एकदा."

दादानं मान जोरात नाही म्हणून हलवली. हात माझ्यापुढे धरला, अंगठा आत दुमडला, आणि मी हो म्हणेपर्यंत खाली घेतला नाही.